मोतीबिंदूचं ऑपरेशन: एकाच डोळ्याचे चार भाव

मुरूड-रेवदंड्याकडच्या एखाद्या घरात आईला मोतीबिंदू असल्याचं कळलं की दोन दिवसांत चार आकडे घरात येतात. शेजारीण सांगते, आमच्या ह्यांचं शिबिरात फुकट झालं. अलिबागचा भाचा एक रक्कम सांगतो. पनवेलला नोकरीला असलेला मुलगा तिच्या दुप्पट सांगतो. मुंबईच्या सुनेच्या माहेरी तर लाखाच्या आसपास खर्च झालेला असतो. मग घरात दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, डोळ्याचा प्रश्न आहे, स्वस्तात जायचं नाही. दुसऱ्याचं म्हणणं, सगळे लुटायला बसलेत, फुकटातच करू. दोन्ही तटांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे चारही ठिकाणी एकाच गोष्टीची किंमत सांगितली जातेय. तसं बहुतेक वेळा नसतं. मासळीबाजारात ‘मासळी केवढ्याला?’ असं कुणी विचारत नाही, सुरमई की बांगडा हे आधी ठरतं. ऑपरेशनच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच विचारतो.

ही तफावत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहे. खासगी रुग्णालयांचे दर ठरवून द्यावेत, अशी मागणी करणाऱ्या एका जनहित याचिकेवर फेब्रुवारी 2024 मध्ये सुनावणी झाली. त्या वेळी उदाहरण दिलं गेलं ते मोतीबिंदूचंच: सरकारी व्यवस्थेत एका डोळ्याला सुमारे 10 हजार रुपये, खासगीत 30 हजारांपासून 1 लाख 40 हजारांपर्यंत. दर ठरवण्याबाबत न्यायालयाने केंद्र सरकारला खडसावलं. त्यानंतर नेत्रतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना त्याच न्यायालयात गेली. महानगरातला आणि दुर्गम गावातला दर एकसारखा कसा असेल, असा तिचा मुद्दा होता. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. दरातल्या फरकाला काही खरी कारणं आहेत आणि काही कारणं रुग्णाच्या अज्ञानावर उभी आहेत. ती वेगळी करता आली तर किनारपट्टीवरच्या कुटुंबाचे हजारो रुपये वाचतात, किंवा निदान योग्य जागी खर्च होतात.

सगळ्यात मोठा फरक पाडते ती लेन्स. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं नैसर्गिक भिंग गढूळ होणं. ऑपरेशनमध्ये ते काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात. इंग्लंडच्या हॅरॉल्ड रिडली यांनी 1949 मध्ये लंडनला असं पहिलं भिंग बसवलं. महायुद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत कॉकपिटच्या पर्स्पेक्सचे तुकडे घुसले, तरी डोळा ते सहन करतो, हे त्यांनी पाहिलं होतं. पुढे कित्येक वर्षं ही लेन्स भारतातल्या गरिबाच्या आवाक्याबाहेर होती. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने 1992 मध्ये ‘ऑरोलॅब’ काढून लेन्स देशातच बनवायला सुरुवात केली आणि तिची किंमत कितीतरी पटीने खाली आली. आज साधी, घडी न होणारी लेन्स काही शे रुपयांत मिळते. घडी घालून आत सरकवता येणारी, म्हणजे फोल्डेबल, देशी लेन्स काही हजारांत येते. परदेशी कंपनीची त्याहून महाग. तिरका, म्हणजे सिलिंड्रिकल, नंबर घालवणारी टोरिक लेन्स आणखी वरची. लांबचं आणि जवळचं दोन्ही दाखवणारी मल्टिफोकल लेन्स एकटीच कधी कधी बाकीच्या सगळ्या ऑपरेशनपेक्षा महाग पडते.

हृदयातल्या स्टेंटच्या किमतीला सरकारने फेब्रुवारी 2017 मध्ये कमाल मर्यादा घातली, गुडघ्याच्या सांध्याला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. डोळ्यातल्या लेन्सला तशी मर्यादा नाही. डब्यावर एमआरपी असते, पण रुग्णालयाला ती बऱ्याच कमी भावात मिळालेली असू शकते. त्यामुळे एकाच कंपनीची एकच लेन्स दोन दवाखान्यांत वेगवेगळ्या किमतीला लागते. बहुतेक ठिकाणी लेन्सचा भाव वेगळा सांगतच नाहीत. तो ‘पॅकेज’मध्ये बुडवलेला असतो आणि पॅकेजला सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी नावं दिलेली असतात. या नावांतून डोळ्यात काय बसणार ते कळत नाही. म्हणून पहिली गोष्ट, लेन्सची कंपनी आणि मॉडेल कागदावर लिहून मागा. ते हातात आलं की दुसऱ्या दवाखान्यात नेमकं तेच विचारता येतं आणि तिथून खरी तुलना सुरू होते.

दुसरा फरक पद्धतीचा. आपल्याकडे दोन पद्धती चालतात. एकीत सहा-सात मिलिमीटरचा छेद घेऊन मोतीबिंदू अखंड बाहेर काढतात. छेद आपोआप मिटेल अशा बेताने घेतलेला असल्याने बहुधा टाका लागत नाही. दुसरी फेको. तिच्यात अडीच मिलिमीटरच्या आसपासच्या छेदातून सुई आत घालून ध्वनिलहरींनी मोतीबिंदूचा चुरा करतात आणि ओढून घेतात. पुष्कळ लोक हिलाच ‘लेझरचं ऑपरेशन’ म्हणतात, पण फेकोत लेझर नसतो. खरा लेझर वापरणारं यंत्र वेगळं, फार महाग, आणि मोजक्याच ठिकाणी असतं. लेझरच्या नावाखाली जास्त दर सांगितला, तर कोणतं यंत्र वापरणार आहात हे जरूर विचारा.

फेकोचं यंत्र लाखो रुपयांचं. त्याची दरवर्षीची देखभाल, प्रत्येक रुग्णाला लागणाऱ्या नळ्या, टोकं, डोळ्यात भरायचं जेल, हे सगळं दरात येतं. छेद बारीक, म्हणून लेन्सही घडीचीच लागते. पण जास्त खर्चामुळे दिसतंही तितकंच जास्त का? याचं उत्तर आपल्याच राज्यात शोधलं गेलं. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी 400 डोळ्यांवर दोन्ही पद्धतींची तुलना केली. तिचे निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनी नव्या चष्म्याशिवाय 6/18 किंवा त्याहून चांगलं दिसणारे फेकोत सुमारे 81 टक्के होते, मोठ्या छेदाच्या पद्धतीत 71 टक्के. योग्य चष्मा दिल्यावर मात्र दोन्हीकडे 98.4 टक्के. 2007 च्या त्यांच्याच अभ्यासात रुग्णालयाला येणारा सरासरी खर्च फेकोत सुमारे 42 डॉलर आणि मोठ्या छेदाच्या पद्धतीत सुमारे 15 डॉलर निघाला. आकडे जुने आहेत, पण प्रमाण बोलकं आहे. फेकोचा फायदा खरा आहे: जखम लवकर भरते आणि चष्म्यावर कमी अवलंबून राहावं लागतं. पण सरकारी किंवा धर्मादाय दवाखान्यात मोठ्या छेदाची पद्धत सुचवली, तर आईला दुय्यम उपचार मिळाले असं मानून कुढू नका. पूर्ण पिकून कडक झालेल्या मोतीबिंदूला कित्येक अनुभवी डॉक्टर जाणूनबुजून तीच पद्धत निवडतात.

याच देसाई रुग्णालयाच्या आकड्यांमागे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे संख्या. दिवसाला तीन ऑपरेशनं होतात तिथे थिएटर, निर्जंतुकीकरण, परिचारिका, वीज आणि यंत्राचा हप्ता यांचा बोजा तिघांवर पडतो. चाळीस होतात तिथे चाळीस जणांवर पडतो. अरविंद रुग्णालयाचं सगळं अर्थशास्त्र यावर उभं आहे: पैसे देणाऱ्यांच्या उत्पन्नातून न देऊ शकणाऱ्यांचं ऑपरेशन होतं. आपल्या रायगड जिल्ह्यात पनवेलच्या बाजूला धर्मादाय नेत्र रुग्णालयं आहेत, कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे संख्या मोठी असते. अलिबागच्या एका डॉक्टरांच्या छोट्या दवाखान्याला ते साधत नाही. म्हणून त्यांचा दर धर्मादाय संस्थेपेक्षा जास्त असणं यात फसवणूक नाही. मुंबईत त्यावर जागेचं भाडं चढतं, मोठ्या रुग्णालयात खोलीच्या वर्गाप्रमाणे ऑपरेशनचा दरही बदलतो. डोळ्यात तीच लेन्स, तेच डॉक्टर, पण खोली वेगळी म्हणून बिल वेगळं, असं होतं. तास-दोन तासांत घरी जायचं असताना वरच्या वर्गाची खोली कशासाठी घ्यायची, याचा विचार करा.

रुग्णाचा डोळाही दर ठरवतो. मधुमेह, काचबिंदू, न फैलावणारी बाहुली, पूर्वी चष्मा घालवण्याचं ऑपरेशन झालेलं असणं, अशा वेळी तपासण्या वाढतात, कधी जास्तीचं साहित्य लागतं. मोतीबिंदू फार पिकला तर मागचा पडदा दिसत नाही, मग डोळ्याची सोनोग्राफी करावी लागते. म्हणून ‘शेजारणीला इतकेच लागले’ हा पुरावा पुरत नाही. पण जास्तीचे पैसे का, हे डॉक्टरांनी तुमच्या डोळ्याबद्दल दोन वाक्यांत सांगायला हवं, आणि ते विचारण्यात संकोच नको.

काही पैसे मात्र कशातच बसत नाहीत. रुग्ण पाठवणाऱ्याला वाटा देण्याची पद्धत, जिला सगळे ‘कट’ म्हणतात, महाराष्ट्रात इतकी मुरली आहे की 2017 मध्ये राज्य सरकारने तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदा केला होता. तो मसुद्यापुढे गेला नाही. कुणी ‘अमुकच डॉक्टरकडे जा, माझं नाव सांगा’ म्हणून फार आग्रह धरत असेल, तर दुसऱ्या ठिकाणीही एकदा डोळा दाखवून या. मोतीबिंदू क्वचितच घाईचा असतो. डोळा लाल होऊन दुखायला लागला, डोकं दुखून उलटी झाली, तर त्याच दिवशी जायचं. एरवी आठ-पंधरा दिवस चौकशीला घेतल्याने डोळ्याचं नुकसान होत नाही. ‘आज बुक केलंत तर सवलत’ या वाक्यावर निर्णय घेऊ नका.

आता महाग लेन्सबद्दल थोडं सविस्तर, कारण घरचे लोक प्रेमापोटी सर्वांत जास्त पैसे इथेच घालवतात. मल्टिफोकल लेन्स चष्मा बराच कमी करते, हे खरं. पण तिच्यामुळे रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात आणि अंधुक उजेडात बारकावे थोडे फिके पडतात. दुकानात बसून हिशेब लिहिणाऱ्या माणसाला ते खपेल. पहाटेच्या अंधारात बोट बंदरात आणणाऱ्या तांडेलाला, किंवा रात्री रिक्षा-टेम्पो चालवणाऱ्याला ते त्रासाचं ठरेल. त्याला लांबच्या नजरेची साधी मोनोफोकल लेन्स आणि जाळं विणताना लावायचा वाचनाचा चष्मा, एवढं उत्तम. तिरका नंबर बराच असेल तर टोरिकवर खर्च केलेला पैसा बहुधा कामी येतो, नसेल तर ती घेण्यात अर्थ नाही. डॉक्टरांना आधी दर विचारण्यापेक्षा आई दिवसभर काय करते ते सांगा. पोफळीच्या वाडीत वर बघत काम करते, सुपारी सोलते, पोथी वाचते, टीव्ही बघते, जे असेल ते. लेन्स त्यावरून ठरली पाहिजे. आणि लेन्स कितीही भारी असो, तिचा नंबर चुकला तर सगळं वाया. तो नंबर बुबुळाची वक्रता आणि डोळ्याची लांबी मोजून काढतात. ही तपासणी घाईत, गर्दीत उरकली जात नाही ना, याकडे पॅकेजच्या नावापेक्षा जास्त लक्ष द्या.

किनाऱ्यावरच्या माणसाच्या हिशेबात आणखी एक रकाना असतो, तो दवाखान्याच्या कागदावर कधीच नसतो. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने दाखवायला जावं लागतं. आधीच्या तपासणीच्या फेऱ्या वेगळ्या. श्रीवर्धन किंवा म्हसळ्याहून मुंबईला प्रत्येक वेळी आईसोबत एक कमावता माणूस गेला, तर गाडीभाडं, राहणं आणि बुडालेली मजुरी धरून मुंबईचा ‘सवलतीचा’ दर अलिबाग-पनवेलच्या पुढे जातो. मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. रो-रो आणि अटल सेतूमुळे मुंबई जवळ आली, पण एसटीने येणाऱ्याला तेवढी नाही. अंतराचा प्रश्न पैशापलीकडचाही आहे. ऑपरेशननंतरच्या काही दिवसांत डोळा अचानक दुखू लागला, लाल झाला, दिसायचं कमी झालं, तर जंतुसंसर्गाची शक्यता असते. ते क्वचित होतं, पण झालं तर काही तासांत डॉक्टरांपुढे पोचावं लागतं. अशा वेळी कुठे आणि कुणाकडे जायचं, हे ऑपरेशनच्या आधीच विचारून फोन नंबर लिहून ठेवा.

मोतीबिंदूचं ऑपरेशन थंडीतच करावं, पावसात जखम चिघळते, ही समजूत अजून आहे. आताच्या पद्धतीत ऋतूची अट नाही. उलट दर्यावर जाणाऱ्यांना 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात सवड असते. डोळ्यात पाणी जाऊ न देणं, जड न उचलणं ही पथ्यं घरी बसून पाळता येतात आणि हंगामाचे दिवसही बुडत नाहीत. भातलावणी करणाऱ्यांनी मात्र तोच काळ टाळावा.

पैसे न लागणारे रस्ते कोणते, ते खासगीत जायचं ठरवलं असलं तरी माहीत हवेत. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात नेत्रविभाग कोणत्या वारी तपासतो आणि ऑपरेशनची तारीख केव्हाची मिळते, हे एका फेरीत कळतं. जवळच्या उपजिल्हा रुग्णालयातही विचारा. सरकारी म्हणजे हलकं, असं समजायचं कारण नाही. डॉ. तात्याराव लहाने यांच्या काळात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात राज्यभरातून लोक मोतीबिंदूसाठी यायचे. तिथे वेळ जातो, रांग असते, लेन्सची निवड आपल्या हातात नसते. किंमत द्यायची ती या रूपात.

आरोग्य योजनेत रायगड सुरुवातीपासून आहे. 2012 मध्ये ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने ती ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा आली, त्यांत आपला जिल्हा होता. आता ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून आयुष्मान भारतशी जोडलेली आहे. 70 वर्षं किंवा त्याहून जास्त वय असलेल्या सगळ्यांना 2024 च्या ऑक्टोबरअखेरीपासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळतं. कार्ड आहे म्हणून प्रत्येक रुग्णालयात प्रत्येक ऑपरेशन होतंच असं नाही. तेव्हा ‘मोतीबिंदू इथे योजनेत होतो का आणि कोणती लेन्स बसवता?’ हे योजनेसाठी तिथे बसणाऱ्या आरोग्यमित्राला नेमकं विचारा. योजनेत ऑपरेशन करून वर ‘चांगल्या लेन्सचे’ म्हणून रोख मागितले, तर पावती मागा आणि योजनेच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2006 पासून 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. यात मुंबईतली मोठी, चकचकीत रुग्णालयंही येतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटायचं. हा हक्क आहे, भीक नाही. शिबिराबद्दल एकच सांगते: गावात तपासणी आणि ऑपरेशन मूळ रुग्णालयात नेऊन, ही पद्धत योग्य. शाळेत किंवा सभागृहातच ऑपरेशन करतो, असं कुणी म्हणालं तर जाऊ नका.

आरोग्यविमा असेल तर पॉलिसीतली मोतीबिंदूची ओळ आधी शोधा. बहुतेकांत पहिली दोन वर्षं मोतीबिंदू धरत नाहीत आणि पुढेही रकमेला वेगळी मर्यादा असते. उदाहरणार्थ, आरोग्य संजीवनी पॉलिसीत एका डोळ्याला विमा रकमेच्या 25 टक्के किंवा 40 हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते मिळतं. एक लाखाची पॉलिसी असेल तर 25 हजारच. मल्टिफोकलचा जादा खर्च बहुधा खिशातून जातो. विमा आहे म्हटल्यावर दर वाढवून सांगितला जाण्याचा अनुभव पुष्कळांना येतो. म्हणून रोखीचा दर आधी विचारा आणि विम्याचं नाव नंतर काढा.

चौकशीला जाताना एक वही न्या आणि प्रत्येक दवाखान्यात तेच प्रश्न विचारा. कोणती पद्धत, कोणती लेन्स, ऑपरेशन स्वतः कोण करणार. भूल थेंबांची की डोळ्याजवळ इंजेक्शन देऊन, आणि भूलतज्ज्ञाचे पैसे वेगळे का. रक्त, साखर, ईसीजी आणि लेन्सचा नंबर काढणं पॅकेजमध्ये धरलंय का. नंतरची औषधं, सगळ्या भेटी आणि शेवटी मिळणारा चष्मा धरलाय का. ऑपरेशनमध्ये काही गुंतागुंत झाली तर वरचा खर्च कोणाचा. आणि एक प्रश्न जो सहसा कुणी विचारत नाही: काही महिन्यांनी-वर्षांनी लेन्समागच्या पातळ पापुद्र्यावर जाळी आली, तर ती काढण्याच्या लेझरचे किती घेणार. ही जाळी बऱ्याच जणांना येते, उपाय काही मिनिटांचा असतो, पण दर ठिकाणी वेगळा. उत्तरं लिहून घेतली की वीस हजारांचं पॅकेज कधी पंचवीसवाल्यापेक्षा महाग निघतं.

राज्याच्या शुश्रूषागृह नियमांत 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि ठरावीक बाबींचे दर दर्शनी भागात लावायचे आहेत. ते दिसले नाहीत तर विचारा. ऑपरेशन झाल्यावर घरी निघताना लेन्सच्या डब्यातला स्टिकर, ज्यावर कंपनी, मॉडेल, नंबर आणि अनुक्रमांक असतो, डिस्चार्जच्या कागदावर चिकटवून घ्या आणि तो वहीतल्या नावाशी ताडून पाहा. नाव वेगळं निघालं तर तिथेच लेखी खुलासा मागायचा. तो मिळाला नाही तर पनवेल महापालिकेच्या हद्दीत महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, बाकी जिल्ह्यात अलिबागला जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्या कार्यालयात बिलाच्या आणि स्टिकरच्या प्रतीसह अर्ज द्यायचा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. दुसऱ्या डोळ्याच्या वेळीही हाच स्टिकर उपयोगी पडतो, कारण पहिल्या डोळ्यात काय बसवलं आणि त्याने किती दिसलं, हे पाहूनच डॉक्टर त्या डोळ्याची लेन्स ठरवतात.